पाहुण्यांचं पाणी

गोडादऱ्याच्या आमच्या सोसायटीत पाहुण्याला निवळलेलं पाणी मिळतं आणि घरच्या पोरांना तांबूस. सकाळची पाळी गाठायच्या घाईत निवळत कोण बसणार! या शहाणपणाची झाडाझडती घेतली जयश्रीने. बाप कापडाच्या लूमवर कामाला, आणि ही एम.एस्सी. होऊन पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये. तोंडाने फटकळ. मला ते चालतं.

बोअरवर नवा फिल्टर बसला. चेअरमन योगेंद्रने पाणी तपासून घेतलं आणि ‘पिण्यास योग्य’ हा रिपोर्ट नळाशेजारी डकवला. जयश्रीला पटेना. नळाखाली तांबडे डाग, अन् रिपोर्टात लोखंड नावालाही नाही? तपासणीची बाटली भरली होती योगेंद्रच्या आईने; ती थेट त्यांच्याकडे, सरलाबाईंकडे आली.

“बाटली कशी भरली, मावशी?”

“रातभर निवळू दिनं, मंग फडकामा गाळं. परका दारे घान पानी धाडू का?”

“गाळाबरोबर सोमलही गाळलात, मावशी!”

सोमल म्हणजे आर्सेनिक. पाण्यात ते दोन रूपांत असतं. एकाला फिल्टर पकडतो. दुसरं जास्त विषारी, ते निसटून जातं. हवा लागली की दुसऱ्याचं पहिलं होतं, आणि लोखंडाच्या गाळाला चिकटून खाली बसतं. म्हणून दोन्ही नळापाशीच वेगळी करायची. जयश्रीने ताजं पाणी एका नळकांडीतून सोडलं. पहिलं आत अडकलं, दुसरं बाटलीत उतरलं. वाटेत रूप पालटू नये म्हणून थेंबभर ॲसिड, वर काळा कागद, आणि बाटली बर्फात.

लॅबचे साहेब कुरकुरले, “आर्सेनिकचा एकूण आकडा पुरे की!”

“फिल्टर का हरला, ते एकूण आकडा सांगतो का, साहेब?”

आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी वर निघालं, आणि बहुतेक सगळं निसटणारं. फिल्टर नुसता शोभेचा.

योगेंद्रचा चेहरा उतरला. “जयश्रीबेन, पहिला रिपोर्ट सारो छे ने? तोच राहू द्या. मीच फिल्टर घ्यायला लावला, आता लोकांना काय तोंड दाखवू?”

“तुमची लेक हेच पिते ना? तिला काय दाखवणार?”

 त्याची कसलीही सबब मी ऐकून घेतली नसती. पोरांच्या पोटापेक्षा चेअरमनची अब्रू मोठी?

सरलाबाई उठल्या. नळाशी जाऊन त्यांनी तो रिपोर्ट टरकन ओढून काढला.

“आई, काय करतेस?”

“ते पानी मन्हं व्हतं,” त्या म्हणाल्या, “बोरनं नही.”

आणि त्यांनी नळ घट्ट बंद करून त्याच्या तोंडाला फडकं आवळून बांधलं.