काळ्या चौकटीतला जिता डॉक्टर

गेर्गिनाकाकीने बावीस वर्षं गावची मेलेली माणसं भिंतींवर चिकटवली. बाल्कन डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात कुणी गेलं, की फोटो, काळी चौकट आणि खाली चार ओळी असा कागद शहरातून छापून यायचा. काकी पिठाची खळ शिजवायची, बादली उचलायची आणि मयताच्या फाटकावर, बसथांब्यावर, पावाच्या दुकानापाशी कागद डकवत फिरायची. चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. टीव्हीवर गावाचा काडीचा विश्वास नव्हता, पण काकीने कागद लावला म्हणजे माणूस गेला. टोपी काढायची, छातीवर क्रूस काढायचा, पुढं चालायचं.

त्या साली सरपंचकीला दोघे उभे होते. प्लामेन कारास्तोयानोव बारा वर्षं खुर्चीला गोचिडासारखा चिकटलेला. समोर गुरांचा डॉक्टर वेलिझार मिंदोव. प्रचाराचे कागद कुणी कुठे लावायचे हे कायद्याने सरपंचच ठरवतो. म्हणजे शेळ्या राखायला लांडगा. प्लामेनने स्वतःला अख्खा चौक घेतला आणि डॉक्टरला दिली बंद कारखान्यामागची भिंत, जिथं कुत्रंसुद्धा तंगडी वर करायला जात नाही. तरी म्हातारीकोतारी डॉक्टरच्या बाजूची. कितीतरी अडलेल्या गाई त्याने मोकळ्या केल्या होत्या, काकीचीही एक.

मतदान रविवारी. शुक्रवारी दुपारी छापखान्याची गाडी नेहमीसारखी गठ्ठा टाकून गेली. काकीने दोरी सोडली आणि वरचा कागद पाहिला. वेलिझार! काळी चौकट, खाली 'अतीव दुःखाने निरोप'. पोटचा पोर गेल्यागत रडली ती. मग खळ शिजवली आणि डोळे पुसत चाळीस कागद लावले; डॉक्टरच्या फाटकाकडे जायचा तेवढा धीर झाला नाही. बसथांब्यावरचा शेवटचा शनिवारी सकाळी लावत होती, तेव्हा मागून आवाज आला.

"काकी, फोटो तरी जरा बरा घ्यायचा माझा."

काकीच्या हातून ब्रश पडला. "तू... जिता हायस?"

"काल रात्री जेवलो तरी होतो." डॉक्टरने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: 'राजकीय मृत्यू. अंत्यविधी रविवारी, मतपेटीपाशी.'

काकीच्या मस्तकात तिडीक गेली. खळीने माखलेल्या हातांनी ती थेट निवडणूक कचेरीत घुसली. टेबलामागे मोम्चिल साहेब बसला होता.

"हे कागद काढायचा हुकूम काढा."

"काकी, गंमत आहे ती. पक्षाचं नाव नाही, म्हणजे प्रचार नाही."

"मग डॉक्टर जिता हाय असा कागद मी लावते."

"तो मात्र प्रचार होईल. आज प्रचारबंदी आहे. आणि डॉक्टर दारोदार फिरला, तर त्याची उमेदवारी रद्द करीन."

"म्हंजे मेला म्हणायला चालतंय आन् जिता म्हणायला चालत न्हाई?"

"कायदा आहे."

"त्या कायद्याच्या तोंडात शेण घाल!"

काकीने चाळीसच्या चाळीस कागद फाडले. मयताचा कागद त्या गावात आजवर कुणी फाडला नव्हता. बायका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. पण बातमी केव्हाच वरच्या वस्त्यांवर पोचली होती आणि तिथली म्हातारी माणसं रविवारीच खाली उतरणार होती. सरपंचाच्या बसने.

रविवारी मतदानाच्या शाळेतून वरच्या वस्तीवरची म्हातारी त्स्वेताना डोळे पुसत पायऱ्यांवर आली. "त्यालाच द्यायचं हुतं गं मत. पण मेल्या माणसाला देऊन काय करू? दिलं प्लामेनला."

काकी पायरीवर चढून ओरडली, "वेलिझार जिता हाय! कागद खोटा! मला फसवून लावून घेतला!"

पोलिसाने तिचा दंड धरला. "काकी, मतदान केंद्रावर प्रचार केलात. लिहितो, सही करा."

"लिही. पण माझं बोलणं लिही. जित्या डॉक्टरला जिता म्हणाली, असं लिही."

त्याने मान हलवत लिहिलं.

"आता वाचून दाखव. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. आन् मोठ्यानं वाच, कानालाबी कमी येतंय."

कान काकीचे ठणठणीत होते. पोलीस खड्या आवाजात वाचत गेला आणि रांग ऐकत राहिली. त्स्वेताना उलटी फिरली, दारावर काठी आपटू लागली. "माझं मत माघारी द्या!"

"आज्जी, पेटीत पडलं ते पडलं," आतून कुणीतरी म्हणालं.

सरपंचाच्या बसने आलेल्या तेवीस जणांची मतं तोवर पेटीत पडली होती. डॉक्टर नऊ मतांनी पडला.