पहिला नंबर सोडून वाचा

खरं सांगा, रस्त्याच्या कडेला एखादी बाई बंद पडलेल्या मोटारसायकलपुढे उकिडवी बसलेली दिसली, तर तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? 'हिच्या घरात कोणी पुरुष नाही का?' हाच ना? आता मान वळवू नका. तो सगळ्यांच्याच मनात येतो. काही जण गिळतात आणि काही जण गाडी थांबवून, काच खाली करून विचारतात, एवढाच काय तो फरक. पानाकाकूंना तो तीन आठवड्यांत सतरा जणांनी विचारला. त्यांनी मोजलेत. आणि सतराही जणांना त्यांनी एकच उत्तर दिलं, "आहेत ना. ते काय, पुस्तक वाचतायत."

आणि खरोखरच चार पावलांवर, मैलाच्या दगडावर काका बसलेले असायचे. मांडीवर गाडीचं पिवळं पडलेलं माहितीपुस्तक, नाकाच्या टोकावर चष्मा आणि डोक्यावर हेल्मेट. खाली उतरल्यावर ते काढायचं असतं हे काकांना कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

पानाकाकूंचा धंदा शिलाईचा. पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी. घराची रस्त्याकडची खोली हेच दुकान. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, कॉलरला टोचलेल्या दोन सुया आणि खिशातून डोकं बाहेर काढून बसलेला दहा नंबरचा पाना. नाव तिथूनच पडलं. त्यांचं खरं नाव गल्लीत फक्त पोस्टमनला माहीत आहे.

हा पाना खिशात आला कसा, तेही ऐका. काकूंचं शिलाई मशीन बिघडलं की कारागीर चार दिवसांनी उगवायचा, दहा मिनिटं खुटखुट करायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हे जुनं झालं. नवीन घ्या." तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर काकूंचं डोकं सटकलं. जुनं झालं म्हणजे काय? जुनं झालं म्हणून माणूस कोणी भंगारात देतं का? त्यांनी त्याला दार दाखवलं, जमिनीवर चादर अंथरली आणि मशीन उघडलं. काढलेला प्रत्येक भाग ओळीने मांडला आणि त्याच्याखाली कापडावर खुणा करायच्या खडूने आकडा घातला. मग उलट्या आकड्यांनी सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. मशीन मात्र आधीपेक्षा गुमान चालायला लागलं. तो स्क्रू आजही बटणांच्या डब्यात आहे. कोणी विचारलं तर काकू सांगतात, "तो कंपनीने चुकून जास्त घातला होता."

मग गल्लीतले पंखे आले, मिक्सर आले, पाण्याचा पंप आला. आणि एक दिवस भंगारवाल्याच्या ताडपत्र्या शिवून दिल्याच्या बदल्यात ही मोटारसायकल आली. काकूंपेक्षा दोन वर्षांनी मोठी. टाकीवर गंज, सीटमधून गवत बाहेर. सासर-माहेरची सगळी मंडळी येऊन नाकं मुरडून गेली. काकूंनी एका पावसाळ्यात ती उभी केली. इंजिन चादरीवर, खडूचे आकडे एक ते दोनशे अकरा. या वेळी एकही स्क्रू उरला नाही. उलट एक कमी पडला, तो बटणांच्या डब्यातला बसवून बघितला. बसला नाही.

गाडी ठेवायला जागा एकच, दुकानाची खोली. तिथे एक भानगड झाली. पेट्रोलचा वास. काकांचं डोकं दुखायला लागलं. वर एक गिऱ्हाईक पडदे परत घेऊन आलं, म्हणालं, "काकू, खिडकीत लावले की पेट्रोल पंपावर राहतोय असं वाटतं." हे लागलं. काकूंच्या शिलाईला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. त्यांनी त्याच दुपारी जाड रबर घेतलं आणि टाकीच्या झाकणात आतून बसेल अशी चकती कापली. कडा इतकी गोल की परकार लाजावा. झाकणात आधीची रबरी कडी होती, तिच्यावर ही अख्खी चकती डिंकाने घट्ट बसवली. शिवाय टाकीला बटणांचं रेक्झिनचं कव्हर शिवलं. वास बंद. "बघा," त्या काकांना म्हणाल्या, "मुंगीसुद्धा आत जाणार नाही."

मुंगी गेलीही नाही.

त्याच सुमाराला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वाचनालयात बायकांसाठी दुचाकी दुरुस्तीचा वर्ग काढायचं ठरलं. वीस बायकांनी नावं दिली. शिकवणार कोण? समितीतले अर्धे म्हणाले, गॅरेजवाला. गॅरेजवाला तयारच होता. तो भिंतीवर चित्रं लावून समजावणार होता. हातात पाना द्यायची गरज नाही, म्हणाला, बायकांचे हात खराब होतात. (याच बायका घरी कढया घासतात, तेव्हा कोणाला हातांची आठवण येत नाही. असो.) वाचनालयाच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्यांनी पानाकाकूंचं नाव पुढे केलं आणि अट घातली, "रविवारी दहा वाजता स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीवरून या. वर्ग तुमचा. पण ढकलत आलात तर मी समितीला कोणत्या तोंडाने सांगू?"

काकूंनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. हे मात्र त्यांना हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर खडूनेच लिहून ठेवलं, 'वर्ग'.

वाचनालय घरापासून अकरा किलोमीटर. आणि गाडी सहा किलोमीटरवर बंद पडायची.

दारात पंधरा मिनिटं मांजरासारखी गुरगुरायची. रस्त्याला लागली की भुर्रकन जायची. आणि सहाव्या किलोमीटरला दोन आचके देऊन गप्प. त्यातही दुष्टपणा बघा, समोरच गॅरेजवाल्याचं गॅरेज. जणू त्याला रामराम घालायला थांबायची.

काकांचं काम इथे सुरू व्हायचं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. त्यांना गाडीतलं काडीचंही कळत नाही, पण पुस्तकातली काना-मात्रा सुटत नाही. माहितीपुस्तकात एक यादी होती, 'गाडी चालता चालता बंद पडल्यास'. नऊ नंबर.

"एक," काका पहिल्या दिवशी खणखणीत आवाजात म्हणाले. "टाकीच्या झाकणात असलेलं..."

"ते सोडा हो. झाकण मी स्वतः केलंय. त्याला काय धाड भरलीय? दोन वाचा."

"अगं, पण ओळ सोडून कसं..."

"अहो, हे पुस्तक आहे की पोथी? दोन!"

ओळ सोडणं काकांच्या लेखी चोरी. पण बायकोच्या हातात पाना होता. ते म्हणाले, "दोन. प्लग काढून स्वच्छ करा."

काकूंनी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, बसवला. अर्धा तास गेला. किक मारली, गाडी सुरू! "बघा, प्लगच होता." परतीला घराच्या वळणावर पुन्हा ठप्प.

पुढच्या वेळी तीन नंबर, कार्बोरेटर. रस्त्याच्या कडेला फडकं पसरून खोलला, फुंकर मारून भोकं साफ केली. गाडी सुरू! परतीला ठप्प. मग वायरी. मग कॉइल. दरवेळी अर्धा तास खपलं की गाडी सुरू व्हायची आणि काकूंना वाटायचं, घावला चोर. घोडं कुठे पेंड खातंय ते घोड्यालाच ठाऊक.

गॅरेजवाला चहाचा ग्लास घेऊन रस्ता ओलांडून यायचा. एकदा त्याने कान लावून ऐकलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "वहिनी, इंजिन गेलं. नवीन गाडी घ्या."

"तुमचे कान गेलेत," काकू म्हणाल्या. "नवीन घ्या."

रविवार आला. नऊ वाजता दोघं निघाले. काकूंनी टाकी गळ्यापर्यंत भरली होती. नवीन प्लग, नवी वायर, सगळं चकाचक. मागे काका, पोटाशी पिशवी, पिशवीत पुस्तक. पाचव्या किलोमीटरला काकूंनी गुणगुणायला सुरुवात केली. सहाव्याला दोन आचके.

गाडी कडेला लागली. काकूंनी प्लग काढला, पाहिला. नव्या नाण्यासारखा. परत बसवला. किक, किक, किक. काही नाही. साडेनऊ.

गॅरेजवाला आला. आज इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात मात्र तोच चहाचा ग्लास. तोही वाचनालयातच निघाला होता. "काय वहिनी, आज पण? टेम्पो आहे माझा. तुम्ही, काका, गाडी, सगळ्यांना घालतो मागे. पोचाल बरोबर दहाला."

काकूंच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. टेम्पोतून उतरायचं? वीस बायकांसमोर, खाटेवरून पेशंट उतरवतात तशी गाडी उतरवायची? त्यांनी हँडल धरलं आणि ढकलायला सुरुवात केली. पाच किलोमीटर. चढ.

"थांब," मागून आवाज आला.

काका मैलाच्या दगडावर बसले नव्हते, चढून उभे होते. हेल्मेटसकट. पुस्तक उघडं.

"चाळीस वर्षांत मी एक ओळ सोडली नाही. मालक ओरडले तरी सोडली नाही. तुझ्यासाठी तीन आठवडे सोडतोय आणि तीन आठवडे मला नीट झोप नाही. आता मी वाचणार आणि तू ऐकणार. नंबर एक!" आवाज असा की समोरच्या गॅरेजातलं कुत्रंही उठून बसलं. "टाकीच्या झाकणात असलेलं हवेचं बारीक भोक बुजलेलं नाही याची खात्री करा."

काकूंचे हात हँडलवर तसेच राहिले.

मग त्यांनी गाडी स्टँडला लावली. कव्हरची बटणं काढली. झाकण फिरवलं.

फुस्सऽऽ. भरल्या टाकीने हवा अशी आत ओढली की गॅरेजवाल्यालाही ऐकू गेलं.

तुम्ही तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलंत तर धार कशी येते? अडखळत, मग थांबते. म्हणून आपण समोर दुसरं भोक पाडतो, हवा जायला. गाडीचंही तसंच. खाली पेट्रोल उतरायचं तर वरून तेवढी हवा आत जायला हवी. काकूंच्या चकतीने ती वाट लिंपून टाकली होती. अर्धा तास खुडबुड केली की झाकणाच्या आट्यांच्या फटीतून थोडी हवा झिरपायची, गाडी सुरू व्हायची आणि श्रेय प्लगला. बिघाड एकच होता, आणि तो सगळ्या गाडीतला सगळ्यात सुबक भाग होता.

काकूंनी पान्याच्या टोकाने चकती उचकटली. डिंक काही सोडत नव्हता. त्यांचंच काम, इतक्या सहज कसं सुटेल? शेवटी निघाली. त्यांनी ती पुसून खिशात ठेवली आणि झाकण लावलं. काही वेळ नवऱ्याकडे बघवेना.

"वास येईल आता," काका म्हणाले.

"येऊ दे."

"डोकं दुखेल."

"दाबून देईन. बसा मागे."

पहिल्या किकला गाडी सुरू. गॅरेजवाल्याचा चहा निवला होता. "हे... हे मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"इंजिन सांगितलंत तुम्ही," काका म्हणाले. "माझ्याकडे लिहिलेलं आहे. तारखेसकट."

सातवा किलोमीटर गेला. आठवा गेला. चढाला काका मोठमोठ्याने दगडांवरचे आकडे वाचत होते आणि एकही सोडत नव्हते. वाचनालयाच्या अंगणात काकूंनी गाडी लगेच थांबवली नाही. उगाच एक गोल चक्कर मारली. मारणारच. मीसुद्धा मारली असती. घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती. पाठोपाठ टेम्पो आला, रिकामा.

"काही अडचण?" बाईंनी विचारलं.

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. गॅरेजवाला काय बोलणार होता? त्याचंही भांडं फुटलं असतं. पण काकूंनी खिशात हात घातला आणि चकती काढून पहिल्या बाकावरच्या एकीच्या हातात ठेवली.

"ही बघा आणि पुढे द्या. माझ्या हातचं काम. कडा बघा, कशी कापलीय. हिच्यामुळे मी तीन आठवडे रस्त्यावर बसले. दुसऱ्याने केलेलं सगळं खोललं, हिला हात लावला नाही, का? तर ही मी केली होती. तर आपण स्वतः केलेलं सगळ्यात आधी तपासायचं. हा आजचा धडा. लिहून घ्या."

मागून एकीने विचारलं, "मग नवराही आधी तपासायचा का, काकू?"

"तो मी केलेला नाही," काकू म्हणाल्या. "त्याबद्दल सासूबाईंना विचारावं लागेल."

वीस बायका अशा हसल्या की बाईंना डस्टर आपटावं लागलं. काकाही हसले, हेल्मेटच्या आत.

वर्ग अजून चालतो. टेबलावर चादर, चादरीवर इंजिन, खडूचे आकडे. चकती भिंतीला खिळ्याने टांगलेली आहे, बरोबर मधोमध भोक पाडून. यादी वाचायचं काम काकांकडे आहे आणि त्यांच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. गॅरेजवाल्याची बायको तिसऱ्या बाकावर बसते. घरी जाऊन ती त्याला काय सांगते कोणास ठाऊक, पण हल्ली तो गिऱ्हाइकाची गाडी आली की आधी झाकण उघडून बघतो.

तेव्हा एवढं एक करा. पुन्हा कधी अशी बाई रस्त्याच्या कडेला दिसली, तर काच खाली करून तो प्रश्न विचारू नका, अठरावे होऊ नका. मदत करायचीच असेल तर खाली उतरा, पुस्तक हातात घ्या आणि पहिल्या नंबरपासून वाचा. ती 'सोडा' म्हणेल. तुम्ही सोडू नका.