दुसऱ्या गाडीचा चौथा डबा

नानांना कुठलाही मोठा आकडा सांगितला की ते एकच विचारत, “फुटस का?” म्हणजे दुसऱ्या एखाद्या आकड्यानं त्याला पूर्ण भाग जातो का. नाना दहावी नापास. दोंडाईच्याच्या स्टेशनात मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपून घेणं ही त्यांची नोकरी. मी देवपूरच्या कॉलेजातून गणितात एम.एस्सी. झालेला, इथल्या शाळेत मास्तर. तरी माझेच विद्यार्थी अडलं की स्टेशनात पळायचे. माझा जळफळाट व्हायचा, आता लपवून काय करू?

त्यांची एक रीत होती. एखादा आकडा डोक्यात घेऊन ते मालगाडीच्या कडेनं चालू लागत. पहिल्या डब्याला दोनानं भागायचं, दुसऱ्याला तिनानं, तिसऱ्याला पाचानं. दर डब्याला पुढचा अविभाज्य आकडा. हातानं नंबर टिपणं चालू आणि मनात भागाकार. “आकडाले घाई चालत नही, सर,” म्हणत. मला हा टोमणाच वाटायचा.

एकदा वर्गात मी फळ्यावर दहा लाख नऊ लिहिले आणि ठणकावून सांगितलं, “ही संख्या अविभाज्य आहे.” खरं तर हजारापर्यंतचे सगळे अविभाज्य आकडे लावून बघायला हवे होते. मी दोनशे त्र्याऐंशीपर्यंत गेलो आणि कंटाळलो. पोरांनी तो आकडा नानांपर्यंत पोचवला.

दोन दिवसांनी नाना घरी आले. दारातच हळू आवाजात म्हणाले, “सर, हाऊ आकडा फुटस. पहिली गाडी अठ्ठावन्न डब्यासनी, तीमा नही फुटना. दुसरी गाडीना चौथा डब्बाले फुटना. दोनशे त्र्याण्णव लावा.”

मी भागून पाहिलं. तीन हजार चारशे तेरा, बाकी शून्य. दोनशे त्र्याऐंशीच्या पुढचाच अविभाज्य आकडा! एक पाऊल पुढे टाकलं असतं तर मलाच सापडला असता. आता हा माणूस गावभर सांगणार, याची मला धास्ती वाटली. नाना म्हणाले, “पोरेसले तुम्हीच सांगा. मना नावनं काय काम शे?”

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. माझा शोध म्हणून. पुढे स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या नानांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. त्यांच्या भागाकाराचा मला हेवा होताच. त्या दिवशी त्यांच्या मनाचा वाटला, आणि तो जास्त झोंबला.

निवृत्त होऊन नाना पारोळ्याला मुलाकडे गेले आणि सहा महिन्यांत वारले. त्यांच्या हयातीत खरं सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.

आता दरवर्षी मी तोच आकडा फळ्यावर लिहितो. कुठे चुकलो ते सांगतो, आणि तो कुणी फोडला तेही, नाव घेऊन. पोरं नानांसाठी टाळ्या वाजवतात. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांचाही मला हेवा वाटतो.