भाऊजींची निळी केबल

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनचे मेकॅनिक आहेत. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मालक त्यांना सोडायला तयार नव्हते, याचं कारण त्यांचे कान. मशीन बिघडलं की दुसरे मेकॅनिक आधी पेचकस काढत. भाऊजी मशीनवरच्या बाईला म्हणत, "चालव जरा," आणि मान तिरकी करून नुसते ऐकत. मग सांगत, "हुक घासतोय," नाहीतर, "सुईचा दांडा कोरडा पडलाय, तेल दे." उघडून पाहिलं की तसंच निघे. त्या कानांवर त्यांचं नाव होतं, आणि नावावर नोकरी.

दिवसभर मशीनची घरघर ऐकून घरी आलेल्या माणसाला खरं तर शांतता हवी. भाऊजींना संगीत लागे. पुढच्या खोलीत कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर, आणि त्यांच्यासमोर एक खुर्ची. तिचे पाय कुठे टेकले पाहिजेत, त्याच्या खडूच्या खुणा फरशीवर. धाकटी त्या खुणांना वळसा घालून फरशी पुसायची. पाहुणा आला की आधी त्याला खुर्चीत बसवून एक तबकडी ऐकवायची आणि मगच चहा, असा त्या घरचा शिरस्ता. जो लवकर "वा!" म्हणेल त्याला चहा लवकर.

मग भाऊजी कुरकुरायला लागले. आवाजावर धूळ बसलीय म्हणाले. सुई बदलली. स्पीकर पुसून काढले. शेवटी ठरलं की दोष ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेचा आहे. साधी वायर काढली आणि निळ्या कापडात गुंडाळलेली, मनगटाएवढी जाड, सोनेरी टोकांची केबल आली. धाकटीनं तिचं नाव 'अजगर' ठेवलं. किंमत मी लिहीत नाही, धाकटीला अजून घाम फुटतो.

पहिला आठवडा भाऊजी खूश होते. पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय, म्हणत होते. नंतर पुन्हा धूळ बसली, आणि टेबलावर तिसऱ्या, त्याहून महाग केबलचं माहितीपत्रक दिसू लागलं. धाकटीचा मला फोन आला, "ताई, तू ये. तुझं तरी ऐकतील."

मी गेले त्या रविवारी भाचीही आली होती. ती प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे वाद घालत बसत नाही.

"बाबा, परीक्षा घेऊ," ती म्हणाली. "मी चादरीआड बसते. कधी साधी वायर लावीन, कधी निळी. तुम्ही नुसतं ऐकून ओळखायचं. ओळखलंत तर तिसरी केबल मी घेऊन देते."

"आत्ता घे!" भाऊजी म्हणाले. खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

खोलीत दोरी बांधून चादर टांगली. वाद्यवृंदाच्या एका तबकडीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला. भाऊजी सांगत, "ही निळी," "ही साधी." धाकटीला आणि मलाही ओळखायला बसवलं होतं. मी मन लावून ऐकलं, पण फरक म्हणून काही सापडेना. शेवटी भाची कागद घेऊन बाहेर आली.

"बाबा, नाणं उडवलं असतं तरी एवढीच बरोबर आली असती. मावशी, तूही तशीच. आणि आई, तू दर वेळी निळीच सांगितलीस?"

"मग? एवढे मोजलेत तिच्यासाठी, मान नको राखायला?"

आम्ही हसलो. मला वाटलं भाऊजी चिडतील, पण तेच समजावणीच्या सुरात म्हणाले, "मी कुठे म्हणतो फरक आहे? निळीही नापासच. म्हणून तर तिसरी हवीय. दोन्हींतून ती घंटा येत नाही."

"कुठली घंटा?" भाचीनं विचारलं.

"व्हायोलिनं थांबतात ना, तिथली. अगदी बारीक. तबकडीत ती आहे, मी वर्षानुवर्षं ऐकलीय. गेलं वर्षभर वाजतच नाही. तार तिला इथवर पोचू देत नाही."

ती घंटा मी प्रत्येक वेळी ऐकली होती, साध्या वायरीतून आणि निळ्या केबलमधूनही.

धाकटीच म्हणाली, "अहो, वाजते घंटा."

"कधी?"

"दर वेळी. आत्ताही वाजली."

भाऊजींनी लेकीकडे पाहिलं. "पुन्हा लाव. वाजली की बोट वर कर."

तबकडी फिरली. व्हायोलिनं थांबली आणि भाचीनं बोट वर केलं. भाऊजी त्या बोटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. मी मान हलवली. ते उठले आणि त्यांनी स्वतः सुई उचलली.

"म्हणजे तार चांगली होती," ते म्हणाले. खुर्चीत परत बसले नाहीत. तबकडी पाकिटात सरकवत म्हणाले, "आणि हुक घासतो तो आवाज तर याहूनही बारीक."

मग आम्हाला उमगलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आता कारखाना होता.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की उंच, बारीक आवाज ऐकण्याची ताकद गेलीय. जन्म मशीनच्या घरघरीत गेल्यावर असं होतं. श्रवणयंत्रानं बरंच सुधारेल, सगळं नाही. श्रवणयंत्र आलं, माहितीपत्रक रद्दीत गेलं. अजगर राहिला, दुकानदार परत घेईना.

धाकटीचं म्हणणं, "यंत्र केसांआड दिसत नाही. कुणाला सांगू नका. कामावरून काढलं तर?"

"बिघडलेलं मशीन चांगलंय म्हणून कुणाच्या हाती दिलंय का मी कधी?" भाऊजी म्हणाले, आणि डबा घेऊन निघाले. धाकटीनं त्या दिवशी दहा वेळा मला फोन केला, आणि दर वेळी विचारलं, "सांगितलं असेल का गं त्यांनी?"

संध्याकाळी ते माझ्याकडेच आले, तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"काढलं?" मी विचारलं.

"मालक म्हणाले, मशीनं चालताहेत ना? मग जा कामाला. पण ताई, ते सोडा. आधी मी आमच्या सुपरवायझर बाईंना सांगितलं. तर म्हणतात कशा, काका, आम्हाला ठाऊक आहे ते!"

"कसं काय?"

"म्हणाल्या, तुम्ही मान तिरकी करता आणि चेहरा कोराच राहतो. मग आमच्यातली कुणीतरी सहज बोलल्यासारखं बोलते, आज खरखरतंय हो, किंवा किणकिणतंय. की लगेच तुम्ही दोष सांगता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मशीनवरच्या बायकांची सगळी लाईन वर्षभर मला सांभाळून घेत होती, आणि मी समजत होतो माझं मीच ऐकतोय. राग यावा की बरं वाटावं, तेच समजेना."

"मग काय केलंत?"

"काय करणार! तेवढ्यात एका पोरीचं मशीन अडलं. गेलो. सवयीनं मान तिरकी झाली. मग सरळ केली आणि तिलाच विचारलं, सांग बाई, कसा आवाज येतोय? ती म्हणते, काका, आमच्या सासूबाई झोपेत दात खातात ना, अगदी तस्सा."

"आणि?"

"कापड पुढे सरकवणारी खालची दातेरी पट्टी घासत होती," भाऊजी म्हणाले. "उघडून पाहिलं, तेच निघालं."