तेल गळायचं थांबेना

आमचं छोटं पोकलेन माझ्या आणि माझ्या मेव्हण्याच्या भागीत आहे. भागीत म्हणजे, खोदाई मी करतो आणि सल्ले तो देतो. उन्हाळा सरल्यावर आम्हाला कडा गावाच्या अलीकडं एका मावशींच्या रानात काम मिळालं. मावशींचे मालक मोठा कळप घेऊन लांब चराईला गेलेले. म्हाताऱ्या मेंढ्या आणि कोकरं तेवढी घरी, मावशींच्या जिवावर. विहिरीपासून मेंढवाड्यातल्या हौदापर्यंत चर खोदून पाइप गाडायचा होता, म्हणजे मावशींचं डोक्यावरून पाणी वाहणं एकदाचं थांबलं असतं.

निम्मा चर झाला आणि पाणी प्यायला मी खाली उतरलो, तर मशीनखाली मातीत हाताएवढा काळा डाग. बॉनेट उघडलं. सगळं इंजिन तेलानं माखलेलं.

"दाजी, काय न्हाई, पॅकिंग गेलंय," मेव्हणा म्हणाला. "दोन मिन्टाचं काम."

त्याच्या खिशात काळ्या सिलिकॉनची ट्यूब कायम असते. नळ गळू दे, पत्रा गळू दे, ह्याचा उपाय एकच. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं तेलकट इंजिनावरच ती पिळली, बोटानं सारवली आणि हात झटकून बाजूला झाला. मशीन तापलं तसा तो लेप दुधावरच्या सायीसारखा सुटून आला. खालून तेल चालूच.

मग आष्टीहून चाचांना बोलावलं. आमच्या भागातल्या डिझेल इंजिनांचे ते जुने मिस्त्री. त्यांनी आल्या आल्या मेव्हण्याचा लेप पाहिला आणि विचारलं, "हे शेण कुनी लावलं?" मेव्हणा चराकडं बघत राहिला. चाचांनी मला डिझेलनं सगळं इंजिन धुवायला लावलं, फडक्यानं कोरडं करायला लावलं, मग मशीन सुरू करून बॅटरीच्या उजेडात बघत बसले. तेल वरच्या झाकणाच्या कडेनं पाझरत होतं. नवं पॅकिंग बसवलं, चहा घेतला, गेले.

थोडं काम झालं नाही तोच तेल पुढच्या पुलीकडून यायला लागलं. चाचा पुन्हा आले. पट्टा काढा, पुली काढा, जुनं सील उपटा, नवं ठोका. अख्खी दुपार त्यात गेली. माझ्या पाठीचा काटा ढिला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं, तर नव्या सीलमधून तेल आणि वरच्या नव्या पॅकिंगमधूनही तेल. मला वाटलं, बकेट उचलावं आणि ह्या इंजिनावरच आपटावं.

त्यात मावशी आल्या. काखेत एक पांढरं कोकरू, त्याचं पोट काळंकुट्ट.

"बाबा, तुमचं मशीन हाय का तेलाचा घाणा? ह्याला आता धुवू कशानं? पानी तर मी डोक्यावर आनती अजून."

त्यांच्या डोक्यावर चुंबळ तशीच होती. मला मान वर करवेना. त्यांनी घरातून एक जुनं घमेलं आणलं आणि तेल झेलायला मशीनखाली सरकवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी चाचांना फोन लावला. "चाचा, तुम्ही बसवलेलं सील गळतंय."

"सील न्हाई गळत, तुमचं नशीब गळतंय," ते तिकडून तडकले. "कड्याला लग्नाला चाललोय. येतो, पन लांबूनच बगीन. हात लावनार न्हाई."

आले ते पांढरेशुभ्र कपडे घालून, अत्तर लावून. तोवर मेव्हण्याची ट्यूब पुन्हा बाहेर निघाली होती.

"ती खिशात घाल," मी ओरडलो, "नाहीतर ह्याच चरात पुरतो तुला!"

इंजिन चालूच होतं. तेल मोजायची पट्टी बोटभर वर आलेली दिसली. "ही पण नीट बसवता येत नाही का रे तुला?" मी पुन्हा त्याच्यावरच घसरलो.

"दाजी, आईशपथ, मी हातबी लावला न्हाई!"

मी पट्टी दाबून बसवली. आमच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू पुन्हा वर सरकली. चाचा बघायला वाकले, आणि मी चिडून, काही विचार न करता, तेल ओतायचं झाकण फिरवलं. फस्सकन धूर आला आणि गरम तेलाचे शिंतोडे चाचांच्या सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत उडाले.

"बंद कर बे!"

मी इंजिन बंद केलं. आता चाचा माझ्या कानाखाली वाजवतात की काय, असं वाटलं. पण ते सदऱ्याकडं बघतच नव्हते.

"एवढा धूर आत काहून?" ते म्हणाले. "इंजनाच्या पोटात कोंडलाय. जायला वाट न्हाई, म्हनून फट दिसंल तिथून तेल ढकलतोय."

इंजिनाचा हा धूर बाहेर सोडायला एक रबरी नळी असते. ती मागून खाली जाते, तिचं तोंड कुणाला दिसत नाही. मी मशीनखाली सरपटत गेलो आणि बोट घातलं. बोट जाईना. नळी काढून दगडावर आपटली, तर आतून वाळलेल्या मातीची कांडी निघाली. फोडली, तर आत सुकलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर, पिलांना खायला कोळी भरून ठेवलेलं! उन्हाळाभर मशीन काम नसल्यानं पत्र्याखाली उभं होतं. तेवढ्यात तिनं संसार थाटला होता.

चाचा माशीवर रागावले नाहीत, माझ्यावरही नाहीत. "दोनदा आलो. दोनदा ही नळी हाताशी होती," एवढंच पुटपुटत राहिले. मावशींनी मालकांचा धुतलेला सदरा आणून दिला. तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता. तोच घालून चाचा लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी आतल्या दाबानं फाटलेलं सील आणि पॅकिंग बदललं. मग तेलाचा एक थेंब पडला नाही.

चर पुरा झाला, पाइप गाडला. मावशींनी वाल उघडला तेव्हा आधी नुसती हवा फुरफुरली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्या हौदाच्या काठावर बसल्या आणि कितीतरी वेळ पाण्यात हात सोडून राहिल्या. मला खरंच बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. कड्याच्या स्टँडवर मेव्हणा चारचौघांत सांगत होता, "मी पैल्या दिवशीच म्हनलं, दाजी, नळी बगा." आणि आता तो रोज सकाळी, मी यायच्या आधी, त्या नळीत तार घालून ढवळतो. परवा त्यानं नळी तारेनं फाडून ठेवली.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "तुझ्या भावाला आवर. नळी फाडली त्यानं."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग सिलिकॉन लावा की थोडं."