बटणाचा की बिनबटणाचा

आमच्या घरात माउथ ऑर्गन घ्यायचं ठरलं ते दादासाठी. घरात काहीही यायचं ते दादासाठीच यायचं. माझ्या नावावर एक पेटी तेवढी आली होती, आणि तीही खरं म्हणजे मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मुलीला चार गाणी पेटीवर म्हणता आली की रंगाकडे लक्ष कमी जातं, असा आत्याचा हिशेब होता.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहायचो. वडील हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, दादा कॉलेजात होता आणि मी मॅट्रिक होऊन मुलींच्या प्राथमिक शाळेत नोकरीला लागले होते. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, विधवा होऊन आमच्याकडेच आली होती, आणि घर तिच्या सोवळ्यावर चालायचं. आईला मत विचारायची पद्धत नव्हती, त्यामुळे तिचं मत काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

तर दादानं कुठलासा सिनेमा पाहिला. त्यात नायक मोटारीत मागं रेलून तोंडाशी बाजा धरतो आणि रस्त्यावरच्या पोरी कामधंदा सोडून बघत राहतात. दादा थिएटरातून बाहेर पडला तो कपाळावर केसांचा कोंबडा काढूनच. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माउथ ऑर्गन वादनाला नाव दिलं. बाजा जवळ नव्हता आणि वाजवता येत नव्हता, या दोन किरकोळ अडचणी होत्या. त्यांचा विचार करायला वडील होतेच.

वडिलांना गाण्यातलं कळतं, अशी गावात समजूत होती. ही समजूत त्यांनी स्वतःच मेहनतीनं पसरवली होती. बैठकीला पुढं बसायचं, डोळे मिटायचे, आणि गवई थांबला की सगळ्यांच्या आधी मान हलवायची. गळा म्हणाल तर शंख. पण बोलायला लागले की मोठमोठे गवई विद्यार्थी वाटावेत.

दुकानात जायचं ठरलं तेव्हा दादा मला म्हणाला, "तूही चल. तुला सूर कळतो."

आत्या म्हणाली, "ती कशाला? पोरीच्या जातीनं ते तोंडाला लावायचं नसतं."

"मी लावणार नाही, नुसती ऐकेन," मी म्हटलं. "पण लावलं तर काय होईल?"

"तुला देवानं दिलेलं तोंड पुरेसं वाजतं. आणखी बाजा नको."

महाद्वार रोडच्या एका बोळात ते वाद्यांचं दुकान होतं. मालक मुसलमान, पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरातच राहिलेला. पेट्या दुरुस्त करायचा, तबले मढवायचा, आणि कुठल्याही मालाला वाईट म्हणायचं नाही एवढं एकच तत्त्व पाळायचा. त्यानं काचेवर फडकं पसरून तीन बाजे मांडले.

"ह्यो ल्हान बघा पावणं. धाच भोकं हाईत. खिशात घाला आन सासुरवाडीला जावा. ह्यो लांब. ह्याला भोकांच्या दोन वळी. येकेका सुराला दोन-दोन पत्त्या, म्हणून आवाज कसा थरथरतोय बघा. येकटा मानूस वाजवतोय, पर वाटतंय दोघं वाजवत्यात. आन ह्यो बटणाचा. बटण दाबलं की सूर अर्ध्यानं वर जातोय. म्हंजी पेटीच्या काळ्या पट्ट्या बी आल्या ह्यात."

"यातला चांगला कुठला?" दादानं विचारलं.

"तिन्ही."

"त्यातल्या त्यात?"

"त्यातल्या त्यात बी तिन्हीच की."

त्यानं तिन्ही फुंकून दाखवले. लहानग्याचा आवाज टोकदार होता, पण खालच्या सप्तकात त्याला मध्यम आणि धैवतच नव्हते. खालून सरळ चढत जायचं म्हटलं की जिन्याच्या पायऱ्या गायब. बटणाचा सगळे सूर लावत होता, पण दुकानदारालाही फुंकता फुंकता दम लागला. लांब बाजा वाजला तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. तो थरथरता आवाज अगदी माणसाच्या गळ्यासारखा होता. मी दादाला हळूच म्हटलं, "हा घे. शिकायला सोपा आहे आणि कानाला गोड आहे."

दादाचा डोळा लहानग्यावर होता, कारण नायकाच्या हातात तसलाच होता. पण निर्णय आम्हा दोघांचा नव्हताच. वडिलांनी घसा साफ केला.

"कोमल स्वर नाहीत ते वाद्य नव्हे, शिट्टी," ते म्हणाले. "ज्याच्यात भैरवी लागत नाही ते घरात आणायचं नाही. बटणाचा द्या."

"वा! दर्दी मानूस," दुकानदार म्हणाला. आम्ही लहान घेतला असता तरी तो हेच म्हणाला असता.

बटणाचा सगळ्यांत महाग होता, हे वडिलांच्या दृष्टीनं त्याच्या शास्त्रशुद्धतेचंच प्रमाण होतं.

त्या संध्याकाळपासून दादाची शिकवणी सुरू झाली. वडिलांना बाजा वाजवता येत नव्हता, म्हणून ते पेटी पुढ्यात घेऊन सिद्धान्त शिकवायचे. षड्ज म्हणजे काही खिळा ठोकून बसवलेला सूर नव्हे, तो वाजवणाऱ्यानं मानायचा असतो. पेटीच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या घ्या, गंधारालाच षड्ज माना आणि तिथून वर चढा. भैरवीचे सगळे कोमल स्वर आपोआप समोर उभे राहतात. असं ते तल्लीन होऊन सांगायचे. दादा समोरच्या आरशात बाजा तोंडाशी धरून आपला चेहरा कुठल्या बाजूनं बरा दिसतो ते बघायचा. मी आत पोळ्या लाटायची. शिकवणी चालली होती ती कुणाची, याचा पत्ता तिघांनाही नव्हता.

आणि मग आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला की हा बाजा उष्टा आहे.

"दुकानात त्यानं फुंकला ना?"

"फुंकल्याशिवाय दाखवणार कसा?" दादा म्हणाला.

"आणि तोच तू तोंडाला लावतोस? त्याच तोंडानं देवाचं म्हणतोस?"

दादानं देवाचं काही म्हटल्याला वर्षं झाली होती, पण ते असो. याच दुकानदाराचा भाऊ आमच्या गल्लीत पेरूची गाडी आणायचा आणि आत्या त्याचे पेरू दाबून, निवडून, चवीनं खायची. मी तिला ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पेरूला साल असते." यावर शास्त्रात काय उत्तर आहे ते शोधायला संस्कृतचे मास्तर वर्तमानपत्रात शिरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाहेर गेल्यावर आत्यानं बंबातलं कढत पाणी काढलं, त्यात रिठ्याचा फेस केला आणि बाजा त्यात बुडवून ठेवला. चांगला मुरू दिला. मग पितळी भांडी घासावीत तसा घासला, वर गंगाजल शिंपडलं आणि तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला. दादा घरी आला तेव्हा बाजा इतका चकाकत होता की त्याला आधी आनंदच झाला. फुंकला तर आतून रिठ्याचे बुडबुडे आले. बटण दाबलं ते दाबलेलंच राहिलं.

"पवित्र झालाय आता," आत्या म्हणाली.

आम्ही तसेच दुकानाकडं पळालो. दुकानदारानं वरचा पत्रा काढून आत बघितलं. पत्र्याच्या आत लाकूड असतं, ते पाणी पिऊन टम्म फुगलं होतं.

"पावणं, बाजा हाय का बटाटा? उकडला की!"

"दुरुस्त होईल ना? गॅदरिंग तोंडावर आलंय."

"सुकवून देतो. सूर वाजतील. बटणाची हमी न्हाय. त्येच्या मनात आलं तर वर यील, न्हाय तर न्हाय यायचं."

दादाचा चेहरा पडला. मी काचेतल्या लांब बाजाकडं बोट करून म्हटलं, "दादा, हा घेऊया. तुझी चाल सगळी शुद्ध सुरांची आहे. बटण लागतंच कुठं?"

"बिनबटणाचा? तो आमच्या वर्गातल्या एकाच्या धाकट्या भावाकडं आहे," दादा म्हणाला. "स्टेजवर बटणाचा दिसला पाहिजे."

त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे. पगार माझा होता. दर महिन्याला मी तो वडिलांच्या हातात द्यायची. त्या महिन्याचा अजून पर्समध्येच होता.

"मग मला द्या तो," मी दुकानदाराला म्हटलं.

"कुनासाठनं?"

"माझ्यासाठी."

मग त्यानं बाजा धुतलेल्या फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. "वाजवून बघा की बाई. बघितल्याबिगर घिऊ नगा."

दादा म्हणाला, "इथं? रस्त्यावर लोक आहेत!"

लोक होते. एक टांगेवाला होता, फुलं विकणाऱ्या दोन बायका होत्या, आणि समोरच्या तालमीतून निघालेले दोन गडी होते. मी पदर सावरला आणि बाजा तोंडाला लावला. सा रे ग म एवढंच वाजवलं. फुंक जरा डगमगली, पण त्या बाजाचा आवाजच थरथरता, त्यामुळे कुणाला कळलं नाही. टांगेवाला म्हणाला, "आयला, बेस!" दादा टांग्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मी त्याच्या ओळखीची नाही, असं घोड्याला वाटावं म्हणून असेल.

गॅदरिंगच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. बायकांच्या बाजूला मी, पुरुषांकडं पुढच्या रांगेत वडील, डोळे आधीच मिटलेले. दादा कोट घालून आला. बाजा असा धरला होता की मागच्या माणसालाही बटण दिसावं. पेटीच्या साथीला त्याचा एक मित्र होता. पहिलं कडवं बरं गेलं. टाळ्या आल्या. त्या टाळ्यांनी दादाला जोर आला आणि जिथं गरज नव्हती तिथं त्यानं केवळ ऐट म्हणून बटण दाबलं.

ते वर आलं नाही.

आता दादा अर्धा सूर वर आणि पेटी आपल्या जागी. दोघंही इमानदारीत तेच गाणं वाजवत होते, फक्त एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन. दादानं बटणाला अंगठा मारला, तळहात मारला, शेवटी बाजा मांडीवर आपटला आणि पुन्हा तोंडाला लावला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, पेटी कागलला चाललीया आन बाजा उलट्या वाटंनं! कुनीतरी थांबवा की त्येस्नी!" दुसरा म्हणाला, "बटन तोड रं, बटन तोड!" मग शिट्ट्या सुरू झाल्या. कोल्हापुरात पडणाऱ्या पैलवानाला लोक सांभाळून घेतात, गवयाला नाही. दादानं डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवलं. ते धैर्य मी मान्य करते. उपयोग काही नव्हता.

घरी येताना वडील म्हणाले, "पेटी उतरलेली होती."

दादा म्हणाला, "इथल्या लोकांना कुस्ती तेवढी कळते."

आत्यानं दृष्ट काढली. पाण्यात बाजा कुणी उकडला, हा विषय निघालाच नाही. निघाला असता तर तिनं दुकानदारावर ढकलला असता. त्यानंतर दादानं संगीत सोडलं आणि मिशी राखायला घेतली.

माझा बाजा मी साड्यांच्या घडीत ठेवला होता. शनिवारी शाळा सकाळची असायची; दुपारी आई आणि आत्या कीर्तनाला जायच्या, तेव्हा मी तो काढायची. पोळ्या लाटताना ऐकलेलं डोक्यात होतंच. गंधाराला सा धरला, वर चढले, आणि खरंच भैरवी समोर आली. कोमल रिषभ, कोमल गंधार, सगळं. बटण नाही, काही नाही. नुसतं कुठून सुरुवात करायची एवढाच प्रश्न होता.

एका शनिवारी वडील लवकर घरी आले. मला चाहूल लागली नाही. दाराबाहेर ते बराच वेळ उभे असावेत, कारण आत आले ते भारावूनच.

"वा रे पठ्ठ्या! कोमल रिषभ बघ कसा लागला! म्हणून मी सांगत होतो, बटणाशिवाय—"

समोर मी होते. हातात लांब, बिनबटणाचा बाजा.

वडिलांनी तो हातात घेतला, उलटा केला, दोन्ही टोकं तपासली. बटण कुठं लपवलंय ते बघत असावेत.

"ग चा सा केलास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. तुम्ही दादाला शिकवत होतात, मी पोळ्या लाटत होते."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. शिष्य सापडल्याचा आनंद असेल. मी तेव्हा तसंच समजले आणि हसलेही. पण तेवढ्यात बाहेर आत्याचा आवाज आला. वडिलांनी बाजा घाईनं माझ्या हातात कोंबला.

"दार लावून वाजवत जा," ते म्हणाले. "आणि पाहुण्यांसमोर बोलू नकोस."

बैठकीत तासन् तास बोलणारा माणूस माझ्या बाबतीत एवढंच बोलला. मला राग आला, आणि राग आल्याचं समाधानही वाटलं.

दार लावून वाजवायचं तर माझ्या खोलीला खिडकी नव्हती आणि चैत्र लागला होता. मी बाजा शाळेत न्यायला सुरुवात केली. तिथं कवायतीला एक फुटका ढोल होता आणि तो बडवणारा शिपाई आला तर यायचा. मी बाजावर एक साधी चाल बसवली आणि पोरी त्यावर पाय टाकायला लागल्या. पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यात आल्या. मला वाटलं, आता आत्यासारखंच पोरीच्या जातीचं आणि तोंडाचं निघणार.

बाई म्हणाल्या, "जरा हळू वाजवा हो. पहिलीतल्या पोरींचे पाय आखूड आहेत."

मी हळू वाजवायला लागले.