मामांची आजारी यंत्रं

माझ्या बायकोच्या मामांइतका कानांवर जगलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. नारायण पेठेत त्यांनी चाळीस वर्षं जळालेल्या विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं, पण मोटार आधी ऐकायची आणि मगच खोलायची, हा नियम. आमच्या लग्नात तर भटजी ऐन रंगात आलेले असताना हे छताकडे बघून म्हणाले, "त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. मंगलाष्टकं होईपर्यंत टिकेल." टिकला.

दुकान बंद केल्यावर त्यांना एकच घोर लागला. यंत्रांची दुखणी ओळखणारे कान संपत चाललेत, मग पुढच्यांना कोण शिकवणार? लेकीनं लॅपटॉपवर आवाज घडवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मामांनी दुखण्यांचा संग्रहच करायला घेतला. मला समोर बसवून सांगायचे, "अहो जावईबापू, हा ऑसिलेटर, एकच सूर धरणारा, म्हणजे निरोगी मोटार. नुसता गुणगुणतो. आता दुसरा ऑसिलेटर लावून याचा सूर हलवायचा, त्याला मॉड्युलेशन म्हणतात. सावकाश हलवला की पंखा डुगडुगतो. वेग वाढवला की, ऐका, घशात खडे!" खरोखरच लॅपटॉप असा काही घरघरला, की मामी आतून ओरडल्या, "मिक्सर बंद करा आधी, जळेल!" मामांना याहून मोठी दाद नको होती.

गेल्या महिन्यात मात्र खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यातच गाठलं. "तुमच्या मामांना सांगा, मारायचंच असेल तर एकदाच मारा." वर गेलो तर मामा कोरड्या बेअरिंगची शिट्टी घडवत बसले होते. माझे दात शिवशिवले. मामा वैतागून पडद्यावरचं बटण आणखी वर सरकवत होते. "सॉफ्टवेअरच बोगस. घरघर येते, शिट्टी येतच नाही." मी मामींकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं, पण सांगायचं धाडस होत नव्हतं.

मलाही होत नव्हतं. तरी म्हणालो, "मामा, शिट्टी येतेय. फार मोठ्यानं येतेय."

त्यांनी बटणावरचा हात काढला. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "कमी करा. कानाला टोचायची थांबली की सांगा." मी बटण खाली आणलं. "आता सतत येतेय, की थांबून थांबून?"

"सतत."

"मग चुकलं. थांबून थांबून यायला हवी." त्यांनी दुसऱ्या ऑसिलेटरचा वेग उतरवला. "आता?"

"आता थांबून थांबून."

"उद्या या," मामा म्हणाले. "अजून बरीच दुखणी राहिलीत, आणि नेमकी शिट्टीसारख्या बारीक आवाजाचीच."

येतो म्हणालो. जिना उतरताना ती शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती. स्वतःला ऐकू येत नसतानाही मामा ती पुन्हा पुन्हा वाजवत होते.